मेळघाटच्या पाहणीला निघण्यापूर्वी

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे दुसरे पथक लवकरच मेळघाटात सेवाक्षेत्राच्या पाहणीला जाणार आहे, म्हणून मागच्या खेपेस माझ्या हातून जे चुकले ते समोर ठेवून ही तयारी लिहीत आहे. प्रार्थना, पाळकांचे पत्र, ओळखपत्रे आणि पांघरुणे यांविषयी कुणाला सांगावे लागू नये.

सर्वांत आधी, गाडी ठरवण्याच्याही आधी, माणसे गावात कधी असतात ते विचारा. मी ते विचारले नव्हते. आम्ही जालन्याहून जानेवारीत निघालो, कारण रस्ते कोरडे होते आणि सर्वांना रजा मिळत होती. या सोयी आमच्या होत्या, गावाच्या नव्हत्या. धारणीच्या पुढे कोरकू आदिवासींच्या एका वस्तीत समोरासमोर दोन ओळींत चाळीसेक घरे होती, पण चूल पेटलेली दिसली ती जेमतेम नऊ घरांत. बाकीच्या दारांच्या कड्या सुतळीने बांधलेल्या होत्या आणि एका ओट्यावर एक आजी दोन नातवंडांना एकाच ताटलीतून पेज भरवत होती. मी अहवालात ‘वस्ती विरळ, कामास वाव कमी’ असे लिहिले आणि ते गाव यादीतून वगळले गेले. घरची माणसे दिवाळीनंतर मजुरीसाठी मैदानी भागात उतरली होती आणि होळीला परतणार होती. दसरा सरला की बीडकडच्या वाड्या-तांडे ऊसतोडीमुळे कसे ओस पडतात हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न सुचायला हवा होता.

म्हणून पोलीस पाटील, आशाताई आणि शाळेचे गुरुजी या तिघांना वेगवेगळे विचारा, कारण एकाच्या उत्तरावर महिना ठरवू नये. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण असल्याने त्या दिवसांत घरे भरलेली असतात, परंतु सणात आपल्या सभा मांडू नका. पाहुण्यासारखे जा आणि पाहुण्यासारखे परत या. दुसरी भेट पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी ठेवा. भर पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर येऊन कित्येक गावांचा संपर्क तुटतो, तेव्हा तो काळ टाळा. या दोन्ही भेटी झाल्याखेरीज कोणत्याही गावाविषयी मत बनवू नका.

भाषेच्या बाबतीत एक गैरसमज घेऊन जाऊ नका. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीची बोली नव्हे. आपल्याला मराठीत उत्तर देणारा माणूस बहुधा गावातला शिकलेला तरुण असतो आणि तो अख्ख्या गावाच्या वतीने बोलत नसतो. दुभाषा गावचाच हवा, बायकांशी बोलायला बाईच हवी आणि हे काम लहान मुलांकडून मुळीच करवून घेऊ नये.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे वनखात्याची परवानगी आधीच घ्या. गावात आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत हे पहिल्याच भेटीत उघड सांगा. आरोग्याच्या पाहणीचे नाव पुढे करून श्रद्धा लपवणे हा खोटेपणा आहे आणि त्याचे परिणाम आपल्यामागून येणाऱ्यांना भोगावे लागतात. भूमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदू-पुजाऱ्याला, आवर्जून भेटा, त्याचा मान राखा. गोळ्या, घोंगड्या, बिस्किटे वाटू नका आणि कुपोषित मुलांचे फोटो काढू नका. या डोंगरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनरी आलेले आहेत, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांना विचारल्याशिवाय नवे काम सुचवू नका. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री आपल्या जालन्याच्या भागात वर्षानुवर्षे राहून काम करत होते; चार दिवसांच्या भेटीला तो अधिकार येत नाही.

रोख पैसे, मच्छरदाणी, पाणी बरोबर घ्या. रेंज मिळेलच असे धरू नका. अंधाराआधी मुक्कामी पोहोचा. परतल्यावर आठवड्याच्या आत अहवाल लिहा आणि घरांच्या आकड्याशेजारी भेटीचा महिना, किती दारे बंद होती आणि त्या घरांतली माणसे कुठे गेली होती, हे प्रत्येक गावापुढे नोंदवा.