नळाला पाणी येण्याआधी

रसायनशास्त्राच्या मुलांना यंदा पुण्यातल्या एखाद्या वस्तीत पाणी तपासायला नेणार असाल, तर कुप्या मागवण्याआधी वस्तीत जाऊन या. अंगणवाडीच्या ताई आणि बचत गटातल्या बायका यांच्याजवळ निवांत बसा. पाण्याची तक्रार आहे का, कुठल्या गल्लीत, पाणी येतं किती वाजता, हे त्यांनाच ठाऊक असतं. सकाळी 6 ला येणारं पाणी 8 ला जात असेल, तर 11 च्या प्रात्यक्षिकाला जाऊन हंड्यात साठवलेलंच पाणी मिळेल. वेळापत्रक पाण्याच्या वेळेनुसार बदलून घ्या. प्राचार्यांची परवानगी, पालकांना पत्र, ओळखपत्रं हे ओघानं आलंच. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तास धरतात, त्यात या भेटीही मोजा.

आठवडाभर आधी प्रयोगशाळेत मुलांचा हात बसू द्या. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, मग नमुना घ्यायचा. ओटीचे (ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाकून क्लोरीन नळापाशीच बघायचं, असेल तर पाणी पिवळं होतं; बाटली कॉलेजात येईपर्यंत ते उडून जातं. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. तपासलेलं पिवळं पाणी कुणाच्या हंड्यात परत जाता कामा नये, हे दोनदा बजावा. जंतूंसाठी एच-टू-एस कुपी घ्या, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करणारे जंतू असले तर काळी पडणारी तपासणीची बाटली. झाकणाच्या आत बोट न लावता खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि 24 ते 48 तास ठेवायची. काळी पडली तर पाणी दूषित असल्याचा संशय. डिसेंबरच्या थंडीत कुप्या उबेला ठेवा, नाहीतर काळ्या पडायला वेळ लागतो आणि मुलं घाईनं ‘शुद्ध’ लिहून टाकतात.

नोंदवहीत गल्ली, वेळ, नळाचं की साठवलेलं, एवढं पुरे. विचारल्याशिवाय फोटो नको.

माझा खरा आग्रह पुढचा आहे. एका वर्षी आमचे मार्क लागले आणि अहवाल कपाटात गेला. पुढच्या वर्षी त्याच गल्लीत एका आजींनी विचारलं, “मागं बाटली भरून नेली होती, तिचं काय झालं?” मुलांना उत्तर देता येईना, मलाही. तेव्हापासून निकाल वाचून दाखवायची तारीख पहिल्या नमुन्याआधीच वस्तीला सांगून ठेवतो. एक पान, मराठीत. कुपी काळी पडली त्या नळाचा नमुना पुन्हा घ्या, तोवर पाणी उकळून प्यायला सांगा. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज रहिवाशांच्या सह्यांनी द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. तिची झेरॉक्स बचत गटाच्या फाइलला लावून द्या.