विद्यापीठाचा ईमेल लॅपटॉपवर लावताय? या चुका टाळा

सांताक्रूझला पीएचडी करणारी माझी एक मैत्रीण डोंबिवलीहून ये-जा करते. तिने घरच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मेल बघायच्या प्रोग्रॅममध्ये विद्यापीठाचं खातं लावलं आणि 'आयमॅप की पॉप?' या प्रश्नाला पॉप निवडलं. महिनाभर सगळं सुरळीत. मग प्रोग्रेस सेमिनारच्या सकाळी डिपार्टमेंटमध्ये बसून सरांनी तीन आठवड्यांपूर्वी पाठवलेल्या दुरुस्त्या शोधायला लागली, तर ब्राउझरमध्ये तो मेलच नाही! "सरांनीच डिलीट केला असेल का गं?" असंही विचारून झालं.

पॉप मेल आपल्या मशीनवर उतरवून घेतं, आयमॅप तो विद्यापीठाच्या सर्व्हरवरच ठेवून सगळीकडे दाखवतं. तिच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरवर जास्तीत जास्त १४ दिवस ठेवा' या चौकटीत टिक होती, म्हणून पंधरवडा उलटला की मेल फक्त डोंबिवलीत. फोन, लॅपटॉप, लॅबचा पीसी अशा तीन ठिकाणी मेल बघणाऱ्याने आयमॅपच घ्यावं (सेटिंगमध्ये पोर्टचा आकडा ९९३, सुरक्षेचा पर्याय एसएसएल). चूक झालीच असेल तर तेच खातं आयमॅपने पुन्हा जोडा आणि जुने मेल माउसने ओढून त्याच्या इनबॉक्समध्ये टाका, ते परत सर्व्हरवर चढतात. तिचे तसेच चढवले, रात्री साडेअकरापर्यंत बसून.

दुसरी चूक माझी स्वतःची. पासवर्ड बरोबर असूनही 'लॉगिन अयशस्वी' येत होतं, आणि मी हट्टाने तोच सहा वेळा टाकला. खातं लॉक! शुक्रवारची संध्याकाळ, म्हणजे सोमवारपर्यंत आनंद. खरं कारण वेगळं होतं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या पासवर्डने आयमॅप, पॉप जोडणं बंद करायला घेतलं. गूगलनेही संस्थांच्या खात्यांसाठी तोच रस्ता धरला. तुमच्या विद्यापीठाचा मेल या दोघांपैकी एकाकडे असेल तर ऑथेंटिकेशनच्या रकान्यात 'नॉर्मल पासवर्ड' काढून 'ओऑथ२' (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता कंपनीच्याच पानावर लॉगिन करायची पद्धत) निवडा. मग लॉगिनची खिडकी उघडते. थंडरबर्डमध्ये कुकीज बंद केल्या असतील तर ती नीट चालत नाही, हे कळायला मला आणखी एक तास लागला.

म्हणूनच प्रोग्रॅम निवडताना तो दिसतो कसा हे नंतर बघा, ओऑथ२ येतं का ते आधी. आउटलुक २०१० कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलं तरी घेऊ नका, त्याला ते जमत नाही. थंडरबर्ड फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, २०२४ पासून अँड्रॉइडवरही आहे. मी तेच सुचवते.

मेल येतात पण जात नाहीत? बाहेर जाणाऱ्या मेलची म्हणजे एसएमटीपीची सेटिंग वेगळी असते, तिकडे कुणी बघतच नाही. पोर्ट २५ बऱ्याच इंटरनेट कंपन्या अडवतात. पोर्ट ५८७ आणि सुरक्षेच्या रकान्यात स्टार्ट-टीएलएस ठेवा. युजरनेम कुठे पूर्ण पत्ता लागतो, कुठे फक्त @ च्या आधीचा भाग. आयटी विभागाच्या सूचनापत्रकात असतं ते.

आणि मेलची मर्यादा २५ एमबी असेल तर प्रबंधाची २० एमबीची फाइल त्यात बसेलच असं समजू नका. मेलमध्ये जाताना अटॅचमेंट साधारण एक तृतीयांशाने फुगते. ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा, आणि ती सरांना उघडता येतेय ना, हे पाठवण्याआधी बघा.