माठ, कूलर आणि ओली चिंधी : जळगावच्या मे महिन्यासाठी

भिंतीवर टांगायचे साधे दोन थर्मामीटर आणा. तापाचा चालणार नाही, तो 42 च्या पुढे जातच नाही. एकाच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळा, तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन्ही सावलीत, वाऱ्यावर टांगा. भर दुपारी कोरडा 44 दाखवत असेल आणि हवेतली आर्द्रता 15 टक्के असेल, तर चिंधीवाला 23-24 वर येऊन थांबतो. तुमचा माठ आणि कूलर फार तर तिथवर उतरतील, त्याखाली नाही. विकणारा काहीही सांगो.

एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून अर्धा पेला पाणी उडालं, तर उरलेलं जवळजवळ सहा अंशांनी उतरायला हवं. बाहेरची धग आत शिरत राहते, म्हणून प्रत्यक्षात कमी उतरतं. तेव्हा पाणी उडू द्यायचं, एवढंच आपलं काम.

आमच्या आक्का, म्हणजे सासूबाई, माठ मागच्या ओट्यावर निंबाच्या सावलीत तिवईवर ठेवतात. बुडालाही वारा लागतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, त्यातही फ्रिजला चिकटून ठेवलेला माठ मला बघवत नाही. फ्रिजची सगळी गरमी मागून त्याच्यावर! ऑइल पेंटने चकचकीत केलेला माठ तर घेऊच नका, छिद्रं बुजलेली असतात. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. महिनाभरात माठाच्या पोटावर पांढरा थर धरतो, नखाने खरवडला तर खडूसारखा निघतो. पाणी उडालं, क्षार मागे राहिले. हाच थर पुढे छिद्रं बंद करतो, म्हणून काथ्याने नुसत्या पाण्यात घासायचं. साबण नको, माती तो पिऊन घेते.

कूलर खिडकीत, पाठ बाहेर करून बसवा आणि समोरचं दार उघडं ठेवा. दार लावून घेतलं की खोलीतली ओली हवाच पुन्हा पुन्हा फिरते, अंग चिकचिकतं आणि मग शिव्या कूलरला. टाकीत बर्फ टाकायची हौस अनेकांना असते. किलोभर बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी घेतो. तेवढंच पाणी गवतातून उडताना त्याच्या सातपट. बर्फाचे पैसे वाचवा, गवत बदला.

गच्चीवर पाणी मारायचं ते ऊन उतरल्यावर. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत बसतो.

जुलैत पुन्हा चिंधी बघा. दोन थर्मामीटरमध्ये तीन-चार अंशांचंच अंतर उरलं, की कूलरचा पंप बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवा.