डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) केअरचा प्रॅग्मॅटिक, म्हणजे रोजच्या परिस्थितीत उपाय चालतो का बघणारा, अभ्यास करताय? या चुका टाळा (आम्ही बहुतेक सगळ्या करून बसलोय)

आमच्या पहिल्या अभ्यासात "काळजी घेणारी व्यक्ती" या रकान्यात जवळपास सगळीकडे मुलाचं नाव होतं. सही त्याची, मोबाइल नंबर त्याचा, ट्रेनिंगलाही तोच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. महिन्याभराने घरी गेलो तर आजींना अंघोळ घालणारी, रात्री तीनदा उठून कडी लावलीय का बघणारी होती सून, आणि तिला आमच्या अभ्यासाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. "मीटिंगला हे गेले होते ना, त्यांनाच विचारा" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. सहा महिन्यांनी प्रश्नावली मुलानेच भरली. ताण नाही, झोप चांगली. खोटं काहीच नव्हतं त्यात, त्याची झोप चांगलीच होती.

तेव्हापासून मी नवीन प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, हातात आला की आधी एकच शोधतो, की प्रत्यक्ष काम कुणाच्या हातून होणार आहे आणि त्या माणसाला कुणी विचारलंय का. खालच्या चुकांपैकी निम्म्याअधिक तिथूनच सुरू होतात.

"प्रॅग्मॅटिक आहे, चालतंय" हा गैरसमज

प्रॅग्मॅटिक म्हणजे ढिला अभ्यास असं धरून चालणारे खूप भेटतात. श्वार्त्झ आणि लेलूश या दोघांनी १९६७ मध्ये हा भेद मांडला तो साधा आहे: एखादा उपाय अगदी आदर्श परिस्थितीत चालतो का हा एक प्रश्न, आणि नेहमीच्या दवाखान्यात, नेहमीच्या स्टाफकडून, नेहमीच्या पेशंटवर चालतो का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला शिस्त कमी लागत नाही, उलट जास्त लागते. प्रेसिस-२ नावाचं कागदावरचं एक चाक आहे २०१५ चं, ९ आरे असलेलं, त्यावर तुमचा अभ्यास किती प्रॅग्मॅटिक आहे ते बसून मार्क करायचं. आम्ही एकदा केलं तर लाज वाटली, कारण नाव प्रॅग्मॅटिक आणि वगळायच्या यादीत बहिरेपणा, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, जुना पॅरालिसिस, एकटे राहणारे, असं सगळं. अहो, पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांतून एवढे वजा केले तर उरतं कोण? तालुक्याला शोधून ६ जण सापडले दीड महिन्यात. यादी कापली आणि भरती सुटली.

काय मोजायचं ते आधी ठरवा, आणि एमएमएसई सगळीकडे लावू नका

ही सगळ्यात महागाची चूक, म्हणून इथे जरा थांबतो.

स्मरणशक्ती आणि भान तपासून तीसपैकी मार्क देणारी एमएमएसई ही चाचणी हाताशी असते, सगळ्यांना माहीत असते, म्हणून तीच मुख्य आउटकम, म्हणजे निकाल ज्यावर ठरणार ते माप, म्हणून लिहिली जाते. आता एक शाळेत न गेलेल्या आजी समोर बसल्यात. विचारलं, आज तारीख काय? आजी म्हणाल्या, "आज संकष्टी नाही का, उपास आहे माझा." संकष्टीच होती! फॉर्मवर शून्य. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं तर हसल्या, आणि वाक्य लिहा म्हटल्यावर पेन परत दिलं. आपल्याकडे निरक्षर लोकांचा विचार करून हिंदीत तिचंच रूप, एचएमएसई, बनवली गेली, हरियाणातल्या बल्लभगडच्या कामातून, ती याच अडचणीमुळे. पण तीही मराठीत आणताना नुसतं भाषांतर करून भागत नाही, गावात बसून शब्द तपासावे लागतात.

आणि मुळात केअर सुधारायची असेल तर स्मरणशक्तीचे मार्क वाढतील ही अपेक्षाच कशाला? गोव्यातला अभ्यास बघा, २००८ मध्ये छापून आलेला. दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं, ४१ जणांकडे घरी येणारी सल्लागार, बाकीचे ४० वेटिंगवर, कालावधी ६ महिने. सल्लागार म्हणजे डॉक्टर किंवा नर्स नाही, स्थानिक भाषा येणारी, बारावीपर्यंत शिकलेली, आठवड्याभराचं ट्रेनिंग घेतलेली माणसं, मागे कौन्सेलर आणि सायकियाट्रिस्टचा आधार. त्यांनी मोजलं काय, तर काळजी घेणाऱ्याचं मानसिक आरोग्य, आणि पेशंटच्या वागण्यामुळे त्या घरच्या माणसाला होणारा त्रास. या दोन्हींत ठळक फरक पडला. पेशंटच्या रोजच्या क्षमतेत फरक दिसला पण तो आकड्यांत टिकेल इतका नव्हता. समजा त्यांनी फक्त पेशंटचे मार्क मुख्य धरले असते तर सगळ्यांनी म्हटलं असतं, हा उपाय फुकट आहे.

ओझं मोजणाऱ्या झारिट प्रश्नावलीबद्दल पण सांगायलाच हवं. २२ प्रश्न, ० ते ८८. आमच्याकडे पहिल्याच घरी वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंचं ओझं वाटतं असं कसं म्हणू हो, पाप लागेल." सगळं "कधीच नाही". आणि फॉर्म बंद करून उठलो तर दारापाशी येऊन वीस मिनिटं रडल्या. नंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. प्रश्न विचारताना घरातला दुसरा कुणी समोर नको, आणि सुरुवात "कालची रात्र कशी गेली, किती वेळा उठलात" इथून करायची. ओझं हा शब्द शेवटी. आकडे एकदम खरे वाटायला लागले.

अभ्यास "फेल" झाला की आधी विचारा: केलं तरी का कुणी?

अमेरिकेत प्रूव्हन नावाची ट्रायल झाली, ३६० नर्सिंग होम, त्यातल्या ११९ मध्ये टॅब्लेटवर छोटे व्हिडिओ दाखवायचे, की आजार वाढला तर कुठपर्यंत उपचार हवेत याचा विचार घरच्यांनी आधीच करावा. डिमेन्शिया खूप पुढे गेलेले, हृदयाचे, फुप्फुसाचे पेशंट, सगळे होते. २०२० मध्ये निकाल आला, हॉस्पिटलात हलवण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. आता खाली वाचत गेलं की कळतं की तिथे कायमचं राहणाऱ्यांपैकी पाचातल्या साधारण एकाच्याच बाबतीत व्हिडिओ दाखवला गेला होता. स्टाफ बदलत राहतो, सोशल वर्करच्या डोक्यावर दहा कामं, टॅब्लेट कपाटात. मग व्हिडिओ वाईट होता की दाखवलाच नाही? नुसत्या निकालाच्या आकड्यावरून हे कळणारच नाही.

आपल्याकडे टॅब्लेटच्या जागी आशाताई घाला. एकेका आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती, लसीकरण, गरोदर बायका, टीबी, सर्व्हे, रजिस्टरं, आणि वर तुमची डिमेन्शियाची भेट. "आशाताई करतील" हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये दिसलं की लाल पेनाने गोल करा. भेटीचे पैसे, प्रवास, आणि त्या बदल्यात तिचं कुठलं काम कमी होणार हे लिहा. काहीच कमी होणार नसेल तर भेट होणार नाही, फक्त नोंद होईल. आम्ही एका ठिकाणी एकाच ताईच्या, एकाच दिवशी, तीन वाड्यांवरच्या ९ भेटी बघितल्या आणि त्यातल्या दोन वाड्यांच्या मधे खाडी आहे! ताईंवर रागावून उपयोग नव्हता, चूक आमची.

उपाय म्हणून दर महिन्याला चार-पाच घरी अचानक फोन करून एवढंच विचारायचं, की कुणी आलं होतं का, किती वेळ बसलं, काय सांगितलं. हे पहिल्या महिन्यापासून, शेवटी नाही.

रेडिमेड डेटा मिळेल या भरवशावर राहू नका

परदेशातल्या प्रॅग्मॅटिक ट्रायल्स स्वस्तात होतात त्याचं एक कारण, तिकडे विम्याच्या क्लेमचा आणि नर्सिंग होमच्या नोंदींचा डेटा तयार असतो. (तिथेही चिडचिड, आरडाओरडा अशा गोष्टी त्या नोंदींत कमीच उतरतात.) आपल्याकडे ओपीडीच्या केसपेपरवर डिमेन्शिया हा शब्द शोधून दाखवा. "वयोमानानुसार", "अशक्तपणा", "झोप नाही", झालं. घरचे म्हातारचळ म्हणतात, डॉक्टर बीपीची गोळी लिहितात. लासी-डॅड या सर्व्हेच्या २०२३ च्या अंदाजानुसार ६० च्या पुढच्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे देशात साधारण ८८ लाखांना हा आजार आहे, आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) रजिस्टरमध्ये मात्र क्वचितच कुणी सापडतं.

एक सीबॅक फॉर्म आहे, आशाताई ३० च्या पुढच्यांचा भरतात, त्यात वयस्करांसाठी जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का असा प्रश्न आहे. चांगली सुरुवात होऊ शकते. पण आम्ही चाळले त्या गठ्ठ्यात त्या ओळीला सरळ वरपासून खालपर्यंत "नाही" ची रेघ. म्हणून वापरायचा तर आधी तीसेक घरी स्वतः जाऊन जुळवून बघा.

गणितातली एक नेहमीची चूक

एकाच वाडीत अर्ध्यांना ट्रेनिंग आणि अर्ध्यांना नाही, असं करू नका. बचत गटाच्या मीटिंगमध्ये एक सून दुसरीला सगळं सांगते, आणि सांगावंच. म्हणून पीएचसी किंवा गाव हे युनिट धरून चिठ्ठ्या टाका. पण मग संख्या वाढते हे विसरतात लोक. एका पीएचसीत २० पेशंट आणि त्यांच्यातलं सारखेपण (एकाच ठिकाणच्या लोकांचे निकाल किती मिळतेजुळते, त्याचा ० ते १ मधला आकडा) ०.०५ धरलं तर १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पट. साध्या हिशोबाने २०० लागणार असतील तर ३९० लागतील. आणि प्रत्येक पीएचसीत माणसं वाढवण्यापेक्षा पीएचसी वाढवा, फायदा तिथे जास्त.

गळतीही धरा त्यात. गोव्यातल्या ८१ कुटुंबांपैकी ५९ शेवटपर्यंत होती, आणि १८ पेशंट त्या काळात वारले. हे वाईट काम नाही, हा आजारच उतारवयातला. पण मृत्यू झाल्यावर फॉलोअपचं काय, सुनेला प्रश्न विचारायचे की नाही, किती दिवसांनी, हे आधी लिहून ठेवलं नसेल तर फील्डवरची मुलगी तेराव्याच्या मांडवात फॉर्म घेऊन उभी राहते. बघितलंय मी.

परवानगी

थोडक्यात सांगतो कारण इथे पळवाट नाही. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ च्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर बिघाडही येतात. कलम ९९ प्रमाणे जो माणूस स्वतः संमती देऊ शकत नाही पण विरोधही करत नाही, त्याला अभ्यासात घ्यायचं असेल तर राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. एथिक्स कमिटीचं पत्र आलं म्हणून सुटलो असं नाही. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सची अधिकृत नोंदवही, तिथे नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी करा, एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदवून घेत नाहीत. आणि मुलाची सही झाली तरी आजोबांना त्यांच्या भाषेत सांगायचंच. त्यांनी तोंड फिरवलं तर ते नाही म्हणणं आहे, उद्या परत या.

शेवटच्या भेटीची कुणी तयारीच करत नाही

सहा महिने दर पंधरा दिवसांनी एक ताई घरी येते, सुनेचं ऐकून घेते, आणि मग फंडिंग संपलं म्हणून एका सोमवारी येतच नाही. आमच्या एका घरून पुढे तीन महिने फोन येत होता, "ताईंना बरं नाहीये का?" ताई तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर डायबेटिसचे फॉर्म भरत होत्या. आता आम्ही शेवटच्या चार भेटी लांबवत नेतो, पंधरा दिवस, एक महिना, दीड, दोन, आणि त्यातल्या एका भेटीला पीएचसीची नर्स बरोबर नेतो, की पुढे विचारायचं झालं तर हा चेहरा ओळखीचा असावा. याचे पैसे बजेटमध्ये सुरुवातीलाच टाकावे लागतात. रिव्ह्यूअर कापतात, परत टाकायचे.