कोंबुचात डाळिंब: कधी घालायचं, किती घालायचं

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं आंबटगोड, फसफसणारं पेय. त्यात ताजं फळ फार छान लागतं, पण ते पहिल्याच दिवशी चहाच्या बरणीत ढकलायचं नाही. वर तरंगणाऱ्या गरावर बुरशी चटकन धरते आणि मग स्कोबीसकट (चहा आंबवणाऱ्या जिवाणू-यीस्टचा चिकट थर) सगळं फेकावं लागतं. गव्हाच्या बिअरमध्ये फळ घालणारेही पहिला जोर ओसरल्यावरच घालतात, नाहीतर सगळा सुगंध गॅसबरोबर उडून जातो. घरी बिअर करणं आपल्याकडे परवान्याशिवाय बेकायदा आहे. कोंबुचाला मात्र हीच युक्ती लागू पडते.

आधी चहा. एक लिटर पाणी खळखळून उकळा; सोलापुरात पाणी साठवणीचंच असतं, तेव्हा इथे आळस नको. त्यात दोन चमचे साधी चहा पावडर (मसाल्याची नको) आणि ७० ग्रॅम साखर घाला, गाळा, पूर्ण गार होऊ द्या. काचेच्या बरणीत ओतून त्यात स्कोबी आणि १०० मिली जुना कोंबुचा घाला. चिलटं शिरू नयेत म्हणून तोंडाला घट्ट विणीचं सुती फडकं बांधा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम चालत नाही. लोणच्याची बरणीही नको, तिचा वास जन्मात जात नाही.

थंडीत आठ-दहा दिवस लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशीच आंबट होतं, म्हणून रोज चमचाभर चाखा. उन्हाळ्यात बरणी पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओला टॉवेल गुंडाळा, टोक पाण्यात बुडू द्या. इथल्या कोरड्या हवेत एवढ्यानेही बरणी बरीच गार राहते. गोडी कमी होऊन आंबटपणा पुढे आला की स्कोबी आणि १५० मिली कोंबुचा पुढच्या खेपेसाठी काढून ठेवा.

आता फळाची पाळी. सांगोल्याकडचं भगवा जातीचं डाळिंब मिळालं तर उत्तम. हाताला जड लागणारं आणि बाजू जराशा चपट्या झालेलं फळ घ्या. रसच काढायचाय म्हणून तडकलेलं स्वस्त फळ घ्यायचा मोह होतो, पण तडीतून आत बुरशी गेलेली असते. दाणे पाण्याच्या भांड्यात सोडवा. पांढरी कडू सालं वर तरंगतात, ती काढून टाका. मिक्सर लावू नका, बिया भरडल्या की रस कडवट होतो. दाणे जाड पिशवीत घालून वरून लाटणं फिरवा आणि गाळून घ्या.

७५० मिलीच्या बाटलीला ७५ मिली रस पुरे. वरून साखर नको. रस वाढला की साखर वाढते, साखर वाढली की गॅस, आणि बंद बाटलीतला गॅस काच फोडू शकतो. म्हणून सोड्यासारख्या पेयांसाठीच्या जाड, गोल बाटल्याच वापरा. चौकोनी शोभेच्या बाटल्या अजिबात नकोत. वर दोन-तीन बोटं जागा सोडा.

दाब कळायला एक सोपी सोय आहे. तेच मिश्रण सोड्याच्या एका छोट्या प्लॅस्टिक बाटलीत भरून इतर बाटल्यांशेजारी ठेवा. सकाळ-संध्याकाळ ती दाबून पाहा. दगडासारखी कडक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात हे एका दिवसात होतं, डिसेंबरात दोन-तीन दिवस जातात. बाटल्या ओट्यावर ठेवून अक्कलकोटला मुक्कामी जाऊ नका. उघडतानाही रात्रभर गार केलेली बाटली सिंकमध्ये धरा आणि झाकणावर फडकं ठेवा.

द्राक्षं याच प्रमाणात चालतात, पेरूचा गर मात्र गाळूनच घ्या. सगळ्यात खोडकर आंबा: साखरही भरपूर, गरही भरपूर, झाकण उघडलं की निम्मी बाटली छताला. ४० मिलीच्या वर जाऊ नये.

तळाशी तपकिरी तंतू दिसले तर ते यीस्टचे, घाबरू नका. वर केसाळ हिरवा-काळा थर दिसला तर सगळं फेकून द्या, वरवर काढून वाचवायला जाऊ नका. यात थोडा अल्कोहोल तयार होतोच, फळ घातल्यावर जरा जास्त. त्यामुळे गरोदर बायका, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि दारूचा थेंबही न चालणारे यांच्यासाठी हे पेय नाही. बाकीच्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर घेऊन बघा. फ्रिजमध्येही आंबणं हळूहळू चालूच राहतं, तेव्हा बाटल्या दोन आठवड्यांत संपवा.