‘निरंक’ या एका शब्दापायी

वकिलीची सनद हातात आली, कोट शिवून झाला की कुणीतरी तुम्हाला वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात नुसती तारीख घ्यायला पाठवणार. मलाही तसंच पाठवलं होतं. सनदेची फी तरी तुम्हाला स्वस्तात पडते. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खुल्या गटाकडून कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही. आमच्या वेळी हजारांत मोजले होते, आणि पहिला स्टायपेंड हार्बरचा पास आणि वडापाव यांतच संपायचा. असो.

पोटगी, मुलांचा ताबा, १३-ब म्हणजे संमतीचा घटस्फोट, हे तुम्ही परीक्षेपुरतं वाचलेलं आहे, ते मी परत सांगत नाही. इथे वकील म्हणून उभं राहणं हा हक्क नाही, फॅमिली कोर्ट्स अॅक्टच्या कलम १३ खाली परवानगीचा अर्ज द्यावा लागतो, तेही कुणीतरी सांगेलच. मला कुणी सांगितलं नाही ते वेगळंच होतं.

दुसरं वर्ष होतं माझं, २०२२. विक्रोळीच्या एका ताईंचं मॅटर. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज टाकला होता आणि आम्ही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी, म्हणजे केस चालू असेपर्यंतची, मागत होतो. रजनीश विरुद्ध नेहा या सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं अॅफिडेव्हिट द्यावं लागतं. सिनियर दुसऱ्या कोर्टात होते. मी ज्युनिअर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कुणाचं तरी भरलेलं अॅफिडेव्हिट घेतलं, नावं बदलली आणि ताईंना विचारलं, “उत्पन्न काही?” त्या म्हणाल्या, “कुठलं हो मॅडम!” मी रकाना भरला: निरंक, म्हणजे शून्य. सही, नोटरी, दाखल.

ताई बिल्डिंगमधल्या मुलांची शिकवणी घ्यायच्या. महिन्याला सहा-साडेसहा हजार. त्यांच्या लेखी ते उत्पन्न नव्हतंच, भाजी-दुधाचे पैसे होते. ते जमा व्हायचे लग्नानंतर उघडलेल्या जॉइंट खात्यात, आणि त्या खात्याचं पासबुक नवऱ्याच्या कपाटात. समोरच्या वकिलांनी ‘से’सोबत, म्हणजे लेखी उत्तरासोबत, त्याच पासबुकाची तीन पानं जोडली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सातशे, सातशे, सातशे.

आता नीट ऐका, कारण इथेच सगळे घसरतात. तेवढी कमाई दाखवली असती तरी पोटगी मिळाली असती. बायको कमावते एवढ्यावरून तिचा पोटगीचा हक्क जात नाही, सासरी होतं त्या राहणीला ती कमाई पुरते का हे कोर्ट बघतं, हे त्याच निकालात लिहिलंय. नवऱ्याचा पगार साठ हजारांच्या घरात. म्हणजे आम्ही खोटं बोललो ते ज्याची गरजच नव्हती त्यासाठी. मी अख्खा निकाल वाचलाच नव्हता, फक्त शेवटचा फॉरमॅट उचलला होता.

पुढे काय झालं? खोट्या शपथेबद्दल ताईंवर कारवाई करा असा समोरून अर्ज आला, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ३४०, तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं आताचं ३७९. आम्ही दुरुस्त अॅफिडेव्हिट दिलं. जज मॅडम मला फार बोलल्या नाहीत, चष्म्यावरून नुसतं पाहिलं, ते जास्त लागलं. पाच महिने त्यातच गेले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, त्यामुळे ते महिने बुडले नसते. पण ताई घाबरल्या होत्या. ‘मला जेल होईल का’ हा प्रश्न त्या रोज रात्री विचारायच्या. शेवटी कन्सेंट टर्म्स, म्हणजे आपसातली तडजोड, झाल्या, तो अर्ज मागे घेण्याच्या बोलीवर, आणि रक्कम खूप खाली आली. ती तफावत माझ्यामुळे पडली. ताई असं कधी म्हणाल्या नाहीत.

म्हणून ग्रुपवरचे भरलेले नमुने वापरू नका. कोरा फॉरमॅट निकालाला जोडलेलाच आहे, तो घ्या आणि अशिलासमोर बसून भरा. “उत्पन्न किती” असं विचारूच नका. “गेल्या महिन्यात फोनवर पैसे कुणाकुणाचे आले?” असं विचारा. भिशी आहे का, आईबरोबर एफडी आहे का, गावच्या सातबाऱ्यावर नाव आहे का. निरंक लिहायचंच असेल तर पासबुक बघून लिहा. आणि खरं सांगते, हे मला सिनियरनी नाही शिकवलं. कोर्टाबाहेरच्या एका म्हाताऱ्या टायपिस्टकाकांनी शिकवलं. सिनियर मोठा आहे का, हे बघून ऑफिस धरू नका. तो अशिलाशी बोलताना तुम्हाला खोलीत बसू देतो का, ते बघा.

अपघाताच्या दाव्यांचंही काम येईल. तिथे उलटी गंगा. फॅमिली कोर्टात सगळे गरीब, अपघात दाव्यांच्या ट्रिब्युनलमध्ये सगळे श्रीमंत. रंगकाम करणारा माणूस पुराव्याशिवाय महिना चाळीस हजार सांगतो. त्याच्याकडून कंत्राटदाराची वही, खात्यातल्या नोंदी मागा. हाताला किती टक्के अपंगत्व आलं यावर भरपाई ठरत नाही, त्या हाताने तो परत शिडीवर चढून रंग मारू शकतो का यावर ठरते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, २०११, वाचाच. आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा टाकायचा आहे. त्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर फाइल कपाटात ठेवू नका.

घाबरवतेय असं वाटेल. तसं नाही. पहिल्या दोन वर्षांत तुमच्याकडूनही काहीतरी चुकेल, आणि बहुतेक चुका दुरुस्तीच्या अर्जाने निस्तरतात. चूक कळल्या दिवशी सिनियरला सांगा, तारखेच्या आदल्या रात्री नको. मी चार दिवस गप्प बसले होते.

मागच्या गणपतीत ताईंचा फोन आला. शिकवणीत आता बावीस मुलं आहेत. पावतीपुस्तक छापून घ्यायचं होतं, क्लासला नाव काय देऊ, विचारत होत्या.