पडदा सरकला? ऑपरेशन ठरवताना या चुका टाळा

पहिली चूक आमच्याच घरात झाली. बाबांच्या डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले, कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. दुखत नव्हतं, म्हणून ‘मोतीबिंदू काढलाय ना, होतं असं’ म्हणत चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी वरून सावली उतरली. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्यातला पडदा, सुटताना दुखत नाहीच. मधला मॅक्युला (पडद्याचा बारीक पाहायचा भाग) सुटायच्या आत पोहोचलात, तर नजर वाचायची शक्यता बरीच जास्त.

दुसरी चूक, शेजाऱ्यांच्या डोळ्याशी तुलना. आमच्या पाचपाखाडीतल्या काकूंचं काम डोळ्यात गॅसचं इंजेक्शन देऊन भागलं, लगेच घरी, खर्चही कमी. मग बाबांनाच का कापाकापी? कारण गॅसचा बुडबुडा वर चढतो आणि पडद्याला पडलेलं वरचंच छिद्र दाबतो. बाबांचं छिद्र खाली होतं (सावली वरून येते ती त्यामुळेच, डोळ्यात चित्र उलटं पडतं). बाहेरून पट्टा बसवायचं बकल सहसा तरुण, स्वतःची लेन्स असलेल्या डोळ्याला शोभतं. त्याने चष्म्याचा मायनस नंबर वाढू शकतो. बाबांना विट्रेक्टमी सांगितली, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून पडदा बसवायचा आणि आत गॅस किंवा सिलिकॉन तेल भरायचं. हीच पन्नाशीपुढे नैसर्गिक लेन्स असताना केली, तर मोतीबिंदू लवकर पिकतो.

तिसरी चूक, फक्त ‘सक्सेस रेट’ विचारणं. टोरांटोच्या 2019 च्या अभ्यासात वरच्या भागात छिद्रं असलेले रुग्ण होते. पहिल्याच प्रयत्नात पडदा बसला तो गॅसच्या इंजेक्शनने सुमारे 81 टक्के, विट्रेक्टमीने 93 टक्के. पण वर्षअखेर नजर इंजेक्शनवाल्यांची सरस निघाली! म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: माझं छिद्र कुठे आहे, आणि पहिला प्रयत्न फसला तर पुढे काय?

सिलिकॉन तेल भरणार असतील तर ते काढायचं दुसरं ऑपरेशन बहुधा लागतं. त्याचा खर्च आधीच धरा.

गॅस भरला की खरी परीक्षा घरी. डॉक्टर सांगतील त्याच स्थितीत डोकं ठेवायचं. बाबा पोथी वाचत बसल्यासारखे आठवडाभर मान खाली घालून होते, आणि चिडचिड आमच्यावर. उताणं झोपणं बंद.

आणि घाट! आमच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘विमानप्रवास टाळा’ लिहिलं होतं. पुण्याच्या लग्नाला गाडीने निघणारच होतो. लोणावळा 600 मीटरच्या वर. उंचीवर हवेचा दाब घटतो, बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते. फोन करून विचारलं म्हणून वाचलो. बाबांना भरलेला सी-थ्री-एफ-एट गॅस सहा-आठ आठवडे टिकतो. तोवर दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं, तर भूल देणाऱ्यांना डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा. भुलीच्या नायट्रस ऑक्साइड वायूनेही बुडबुडा फुगतो.

बाबांना डोळ्यात पाण्याची रेघ हलताना दिसायची, रोज थोडी खाली. ती दिसेनाशी झाल्यावरही डॉक्टरांनी तपासून ‘गॅस गेला’ म्हटलं, तेव्हाच आम्ही खंडाळा चढलो.